व्याह्यांची काडतुसं

गेल्या वर्षी गणपतीपासून थँक्सगिव्हिंगपर्यंतचे माझे बहुतेक शनिवार पेनसिल्व्हेनियातल्या एका तळघरात बंदुकीची दारू तोलण्यात गेले. हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं, तरी ते माझ्याबद्दल आहे असं वाटत नाही. मी न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये राहणारा, सॉफ्टवेअरमधून रिटायर झालेला, संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाणारा माणूस. घरात झुरळ दिसलं तर मी बायकोला हाक मारतो.

ते तळघर आमच्या व्याह्यांचं. व्याही म्हणजे मुलीचे सासरे. या नात्याला इंग्रजीत शब्दच नाही, त्यामुळे त्यांची ओळख करून देताना 'माझ्या मुलीच्या नवऱ्याचे वडील' अशी मालगाडी जोडावी लागते. त्यांना हाक काय मारायची, हेही मला लग्नापासून कळलेलं नाही. आमची मुलगी त्यांना सरळ नावाने हाक मारते आणि ते आनंदाने ओ देतात. माझ्या तोंडून ते नाव निघत नाही, म्हणून मी जवळ जाऊन खाकरतो. त्यांचं 'यू' मला मनात 'तू' असं ऐकू येतं आणि माझं 'यू' मात्र 'तुम्ही' असतं. इथेही तसंच लिहितो.

आमच्या घरात मुलीच्या सासऱ्यांचा मान हा चर्चेचा विषय नव्हता. माझ्या ताईचे सासरे दिवाळीला आले की बाबा त्यांच्याशी बुद्धिबळ खेळत, आणि दर दिवाळीला आपला वजीर आपल्या हाताने त्यांच्या घोड्यापुढे नेऊन ठेवत. बाबा एरवी कुणाला हार जात नसत. एकदा न राहवून मी ओरडलो, "बाबा, वजीर!" तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात नेऊन कान पिळला आणि म्हणाली, "आपली मुलगी त्यांच्या घरात नांदते." त्याचा वजिराशी संबंध काय, हे मला तेव्हा कळलं नाही. पण न कळताच ते अंगात मुरलं असावं.

दारूचं प्रकरण सुरू झालं मोदकांपासून. गणपतीला व्याही-विहीणबाई आमच्याकडे जेवायला आले होते. उकडीचे मोदक मी करतो, आणि एकसारखे व्हावेत म्हणून उकडीचा प्रत्येक गोळा छोट्या काट्यावर तोलून घेतो. बायको मला सोनार म्हणते. त्या दिवशी पानं वाढली तरी व्याही जागचे हलले नाहीत. माझ्या शेजारी उभे राहून ते कधी काट्याकडे, कधी माझ्या बोटांकडे बघत होते.

"तुझा हात अजिबात हलत नाही," ते म्हणाले.

"उकड गार व्हायच्या आत करावं लागतं," मी म्हणालो. त्यांच्या बोलण्याला हे उत्तर नव्हतं, पण दुसरं सुचलं नाही.

"शनिवारी माझ्याकडे येशील? एका कामात मदत हवी आहे."

मी लगेच हो म्हणालो. व्याह्यांनी काही मागितलं तर आधी हो म्हणायचं आणि काम काय ते नंतर विचारायचं, अशी माझी पद्धत. नंतरही मी विचारलं नाही. दोन-अडीच तास ड्राइव्ह करून पोचलो, तेव्हा त्यांनी मला तळघरात नेऊन एका लांब टेबलाशी बसवलं आणि माझ्यासमोर एक तराजू ठेवला.

त्यांनी मला समजावून सांगितलं. काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची नळी, तिच्या बुडाशी दिवाळीतल्या टिकलीसारखी एक टिकली, आत दारू आणि तोंडाशी गोळी. तयार काडतुसं दुकानात मिळतात, पण प्रत्येक बंदुकीला काहीतरी वेगळं मानवतं. म्हणून चोखंदळ शिकारी एकदा वापरलेली नळी पुन्हा भरतात. दारू कणभर कमी-जास्त करून बघायची, गोळी केसभर आत-बाहेर करून बघायची, आणि बंदुकीला काय आवडतं ते शोधत राहायचं. व्याह्यांना ते पूर्वीच सापडलेलं होतं. पण त्यांची ती ठरलेली दारू दुकानांतून गायबच झाली. उन्हाळ्यात त्यांनी दुसरी आणली, आणि आता सगळं पहिल्यापासून.

"नवीन सून आल्यासारखं," मी म्हणालो. ते हसले नाहीत. भाषांतरात बिघडलं असावं.

मी तोलायला लागलो. चिमटीत चमचा धरून दारूचे कण एकेक करून पारड्यात सोडायचे आणि काटा बरोबर मधोमध थांबला की हात आवरायचा. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. आवडलं म्हणून स्वतःचं आश्चर्य वाटलं, आणि हे सगळं एक जनावर मरावं म्हणून चाललंय हे आठवलं की काहीच समजेनासं व्हायचं. मी चिकन खातो, त्यामुळे पाप-पुण्यावर बोलायला मला तोंड नाही. घरी आलो की बायको विचारायची, "अहो, पण तुम्ही तिथे एक्झॅक्टली करता काय?"

"दारू तोलतो."

"पितृपक्षात?"

पितृपक्षात दारू तोलू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण तोलावी असंही नाही.

खरी गोष्ट मला विहीणबाईंनी सांगितली. एका शनिवारी मी कॉफी घ्यायला वर गेलो, तेव्हा त्या ओट्याशी सफरचंदं चिरत होत्या. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणाचा सीझन उघडतो. बारा वर्षांचे होते तेव्हापासून ते सीझनच्या पहिल्या दिवशी डोंगरावर जातात. आमच्या लग्नानंतरचा एकही चुकलेला नाही. पण त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला एक नियम आहे. शंभर यार्डांवरून तीन गोळ्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर त्या वर्षी जंगलात पाऊल टाकायचं नाही. हरीण मेलं तर मेलं, जखमी होऊन पळता कामा नये."

"आणि यंदा?"

"यंदा बसत नाहीयेत." त्यांनी सुरी खाली ठेवली. "ते म्हणतात दारू नवीन आहे. असेलही. पण एकदा जायचं थांबलं की ते परत जाणार नाहीत, आणि मग दिवसभर त्या खुर्चीत बसून काय करतील, मला सांगा."

मी कॉफीचे दोन कप घेऊन खाली आलो. व्याह्यांनी आपला कप दोन्ही हातांनी धरला, तरी थोडी कॉफी बशीत सांडली. तळघर गार होतं. मी मनाशी म्हणालो, गारठ्याने होतं असं. मलाही ते पटलं नव्हतं.

मी तोललेली काडतुसं घेऊन ते आठवड्यात कधीतरी एकटेच नेमबाजीच्या क्लबच्या रेंजवर जात आणि भोकं पडलेले कागद तळघराच्या भिंतीवर टाचून ठेवत. प्रत्येक कागदाच्या मधोमध कपाच्या तोंडाएवढं काळं वर्तुळ छापलेलं. विहीणबाईंचा कप तो हाच, असं मी धरून चाललो. पण मग व्याह्यांच्या बोलण्याची संगती लागेना. एका कागदावर एक गोळी बरोबर वर्तुळाच्या पोटात लागली होती, तर ते मान हलवून म्हणाले, "वाईट." दुसऱ्यावर तिन्ही गोळ्या वर्तुळाच्या बाहेर, तर म्हणाले, "हे जरा बरं आहे." इथले लोक मुलांच्या भिकार चित्रालाही 'गुड जॉब' म्हणतात. तसंच ते स्वतःला म्हणत असावेत, असा मी अर्थ लावला. विचारायला हवं होतं. पण व्याह्यांना चुकलेल्या गोळ्यांबद्दल विचारायचं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. मी कागदांकडे पाठ करून बसायला लागलो.

दसऱ्याच्या शनिवारी घरून निघताना बायकोने सवयीने पुडीत हळदकुंकू आणि दोन झेंडूची फुलं बांधून दिली. "बंदुकीची पूजा तरी करा, शस्त्रच आहे ते," ती म्हणाली. ती चेष्टा करत होती की मनापासून म्हणत होती, कोण जाणे. व्याह्यांना मी दसरा समजावून सांगितला, आणि त्यांनी गंभीरपणे बंदूक काढून टेबलावर ठेवली. मी तिला कुंकू लावलं, तराजूलाही लावलं. त्यानंतर तासभर वजनं जुळेनात. शेवटी पारड्याखाली चिकटलेली झेंडूची पाकळी त्यांनीच शोधून काढली. त्या दिवशी आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग त्यांचा कागदाच्या गठ्ठ्यावरचा हात माझ्या नजरेला पडला. हसणं थांबल्यावरही तो हलत होता. आता मात्र मला गारठा म्हणता येईना.

त्यानंतर मी दर शनिवारी आपलाच काटा तपासत बसायचो. वजन चुकत असेल तर दोष माझा, आणि तो माझा निघावा असं मला मनापासून वाटत होतं. तो निघत नव्हता.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी व्याही म्हणाले, "आज तू रेंजवर चल."

रेंज म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, त्यात सिमेंटची बाकं, समोर मैदान आणि मैदानाच्या टोकाला मातीचा उंच बांध. थंडीमुळे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बाकावर वाळूच्या पिशव्या रचून त्यांनी बंदूक त्यांवर टेकवली आणि तीन गोळ्या मारल्या. दुर्बिणीतून कागदाकडे बघितलं. "वाईट," म्हणाले. मग नवा कागद लावून आले आणि बाकावरून बाजूला झाले.

"आता तू मार."

"मी?"

"कॉलेजात बंदूक चालवलेली आहेस. लग्नात तूच सांगितलंस."

सांगितलं होतं खरं. लग्नात त्यांच्याशी बोलायला विषय सापडेना, म्हणून कॉलेजातल्या खाकी गणवेशाच्या, परेडच्या आणि फायरिंगच्या बढाया मारल्या होत्या. आता त्याच गळ्यात आल्या.

"दोष दारूचा आहे की माझा, हे आज कळायला हवं," ते म्हणाले. "बंदूक तीच, काडतूस तेच. तुला जमलं तर दोष माझा. तुलाही नाही जमलं तर दारूचा, मग दुकानातली तयार काडतुसं घेऊन डोंगरावर जाईन."

मी बाकावर बसलो आणि माझ्या डोळ्यांपुढे बाबांचा वजीर उभा राहिला. माझी मुलगी या माणसाच्या घरात नांदते. तशी ती न्यू जर्सीत स्वतःच्या टाउनहाउसमध्ये राहते, स्वतःच्या पैशाने, पण हे विचार त्या वेळी येत नाहीत. एवढंच मनात आलं की व्याह्यांना त्यांच्याच बंदुकीने, त्यांच्याच रेंजवर मी हरवणार नाही. त्यांनी डोंगरावर जावं. खुर्चीत बसू नये. चुकवायचं ठरलं.

पण कसं चुकवायचं? कागदाबाहेर मारलं तर संशय येईल. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून मला कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात कागद टाचलेली पिन चमकताना दिसली, काळ्या वर्तुळापासून चांगली वीतभर लांब. मी ती धरली. मी काम करतो ते चोख करतो, आणि चुकवायचं तर तेही नीट चुकवावं. कॉलेजात सुभेदारसाहेबांनी शिकवलं होतं तसा श्वास अर्धा सोडला, रोखला आणि घोडा हळू दाबला. खांद्याला गाढवाने लाथ मारावी तसा दणका बसला. तरी मी पुन्हा तीच पिन धरली, आणि तिसऱ्यांदाही तीच.

व्याही आपल्या दुर्बिणीला डोळा लावून उभे होते. मी चेहरा पाडला. "छे, फारच वाईट," मी म्हणालो. "दारूच खराब आहे."

बंदूक रिकामी करून त्यांनी ठेवली आणि मैदानातून चालत निघाले. मीही मागून गेलो. कागदापाशी पोचल्यावर त्यांनी खालच्या उजव्या कोपऱ्यावर आपला अंगठा ठेवला. माझी तिन्ही भोकं अंगठ्याखाली झाकली गेली.

"पिनेवर नेम धरला होतास?"

"नाही, नाही. वर्तुळावरच."

"तिन्ही वेळा?"

मग ते शांतपणे म्हणाले, "वर्तुळात लागायची गरजच नसते. वर्तुळ फक्त नेम धरायला. गोळ्या कुठे पडतात ते दुर्बिणीच्या दोन खुंट्या फिरवून हवं तिथे नेता येतं. त्या एकमेकींच्या किती जवळ पडतात, एवढंच बघायचं असतं. आपण एवढे दिवस तेच तर शोधत होतो." त्यांनी अंगठा काढला. "मी इतकं चांगलं काडतूस आयुष्यात भरलेलं नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. दारू उत्तम होती. बंदूक उत्तम होती. आणि हे मी, त्यांचा मान राखायला बसलेल्या माणसाने, त्यांच्या तोंडावर सिद्ध करून दाखवलं होतं. बाबांनी निदान वजीर खरोखर घालवला होता.

परतायला आम्ही ट्रकमध्ये बसलो. मग त्यांनी विचारलं, "मुद्दाम चुकवलंस ना?"

"हो."

"का?"

मी सांगायचा प्रयत्न केला. बाबा, ताई, तिचे सासरे, घोडा, वजीर. इंग्रजीत ते इतकं खुळचट वाटत होतं की मध्येच मला स्वतःला ते समजेनासं झालं. त्यांनी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि थांबवला.

"म्हणजे माझ्या मनासारखं व्हावं म्हणून," ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज चढला होता, "मी हरणाच्या पोटात गोळी घातली असती आणि ते रात्रभर झाडीत तडफडलं असतं. तुझ्या बुद्धिबळापायी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांच्या मानाचा विचार केला होता, हरणाचा केला नव्हता.

"तुला मी का बोलावलं, माहीत आहे?" जरा वेळाने ते म्हणाले. "चार जुलैला मुलगा आला होता, तेव्हा त्याला अशाच तीन गोळ्या मारायला लावल्या. लहानपणापासून त्याचा नेम माझ्यापेक्षा चांगला. त्याने तीन दिशांना तीन घातल्या आणि म्हणतो, 'डॅड, दारू बरी नाही.' बायकोला विचारलं तर ती म्हणते चष्मा बदला. घरातलं एकही माणूस मला खरं सांगत नाही. मोदकांच्या दिवशी तुला पाहिलं, आणि म्हटलं, हा बाहेरचा आहे, कणाकणाने मोजतो. हा खोटं वजन सांगणार नाही." त्यांनी ट्रक सुरू केला. "तर तूही घरचाच निघालास."

हे कौतुक होतं की शिवी, मला त्या वेळी कळलं नाही. आजही सांगता येणार नाही.

घरी पोचलो तेव्हा विहीणबाई दारातच उभ्या होत्या. "दारू चांगली आहे," व्याही त्यांना म्हणाले. विहीणबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन चहाचं पाणी ठेवलं. व्याह्यांनी बंदूक पुसली, पोलादी कपाटात ठेवली आणि कपाट बंद केलं. मी तोललेली काडतुसं टेबलावर डबीत तशीच राहिली.

थँक्सगिव्हिंगला आम्ही सगळे त्यांच्याकडे रविवारपर्यंत राहायला होतो. मुलीने मला कोपऱ्यात गाठलं. "बाबा, व्हॉट डिड यू डू? ही इज सो क्वाएट."

"मलाच माहीत नाही गं," मी म्हणालो.

बायकोला माहीत होतं. ती म्हणाली, "अहो, एवढं शिकलात, पण खोटंसुद्धा धड बोलता येत नाही." आणि मग माझा दुखरा खांदा तिने गरम तेल लावून चोळला.

शनिवारी उजाडायच्या आत खोलीच्या दारावर टकटक झाली. व्याही शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट घालून उभे होते. दुसरं तसलंच जाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं. खांद्यावर बंदूक नव्हती, हातात फक्त थर्मास होता. कुठे जायचं हे विचारायची गरज नव्हती. डोंगर चढून आम्ही एका ओकच्या झाडाखालच्या फळीवर जाऊन बसलो. फळी एका माणसापुरतीच केलेली होती, त्यामुळे मी काठावर अर्धा बाहेर टेकलो होतो. दूरवर कुणाच्या तरी बंदुकांचे आवाज येत होते.

उन्हं झाडांवर आली तेव्हा हरणाचा एक नर खाली उतरला. मोठी शिंगं, जाड मान. समोर पूर्ण आडवा उभा राहिला आणि पानांत तोंड घालून काहीतरी खात राहिला. व्याह्यांनी श्वास अर्धा सोडला आणि रोखला, मीही रोखला. गुडघ्यावरच्या त्यांच्या हाताचं पहिलं बोट हळूहळू आत वळलं. बोट वळलं, पण हात थांबत नव्हता. वाऱ्यावर कागद हलावा तसा तो हलत राहिला. हरणाने मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि ते सावकाश झाडीत निघून गेलं.

"मला जमलं असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

माझ्या जिभेवर 'हो' तयार होतं. व्याह्यांनी काहीही विचारलं तरी ते तयारच असतं. मी त्यांच्या हाताकडे बघितलं.

"नाही," मी म्हणालो.

ते झाडीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली आणि फळीवर थोडं सरकून मला नीट बसायला जागा करून दिली.